पडद्यावर चिकटवलेली पट्टी

ही हकीकत सांगायची मी कितीतरी वर्षं टाळली. गप्प बसलो असं मात्र नाही. तिची बरी बाजू मी पुष्कळदा सांगितली आणि लोकांनी ती माझ्याहून जास्त वेळा सांगितली. आमच्या वधू-वर मंडळाच्या वेबसाइटला कुलूप लावणारा माणूस म्हणून मला शाल आणि नारळ मिळाला. स्मरणिकेत माझ्यावर अर्धं पान आलं. मी धोका वेळेवर ओळखला आणि समितीला तो पटवून दिला, असं त्यात होतं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. कसा पटवून दिला, तेवढं त्या अर्ध्या पानात नव्हतं.

मी मूळचा टेलिफोनवाला. इंदापूरच्या एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होतो, फोन हातानं जोडून द्यावा लागायचा त्या काळात. समोर भोकांचा उभा फळा आणि हातात दोऱ्या. मागणाऱ्याची दोरी एका भोकात, दुसरी दुसऱ्या भोकात आणि मध्ये मी. आवाज लागला की नाही हे बघायला थोडा वेळ मध्ये राहावंच लागायचं. मग "बोला" म्हणायचं, खटका फिरवायचा आणि हेडफोन गळ्यात उतरवायचा. ही आमची रीत होती. नियमाच्या पुस्तकात कुठं लिहिलेली नव्हती, पण शेजारी बसलेला ऑपरेटर तुमच्या कानाकडं बघत असायचा.

मी कधी ऐकलंच नाही असं म्हणणार नाही. कारखान्याच्या निवडणुकीत कोण कुणाकडं फुटणार, कुणाचा रिपोर्ट काय आला, कुठली सोयरीक मोडली, पुष्कळ कानावर पडलं. बाहेर एक शब्द गेला नाही. चहाच्या टपरीवर लोक डिवचायचे, "काय रं, आज तालुक्यात काय हाय?" मी म्हणायचो, "लाइन बिझी हाय." सतरा वर्षं मी ते एकच उत्तर दिलं.

पुढं आपोआप फोन जोडणारं एक्स्चेंज आलं. फळा काढून भिंतीशी उभा केला. मला बिलं वाटपाला बसवलं, तिथं माझं मन लागेना. मला एकच गोष्ट राहून राहून छळायची. मध्ये माणूस नाही, तर मग आवाज जातो कसा? मध्ये आता कोण असतं? या एका प्रश्नापायी मी नोकरी सोडली आणि चाळिशी उलटल्यावर बारामतीत कॉम्प्युटरच्या क्लासला नाव घातलं. कॉलेजची पोरं मला "काका" म्हणायची आणि माझ्याकडूनच पेन मागून न्यायची.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी भिगवण रस्त्याला एक गाळा घेतला. चार कॉम्प्युटर, एक मोडेम. पिंपळीहून रोज मोपेडवर यायचो. मोडेम पुण्याला फोन लावायचा, तेव्हा आधी किंचाळायचा, मग घरघरायचा आणि गप्प झाला की लागला. गिऱ्हाइकं कान झाकायची. मी मान वाकवून ऐकायचो. कितीतरी वर्षांनी मला जोडणीचा आवाज पुन्हा ऐकू येत होता.

मंडळाचं काम सणसरचे एक निवृत्त हेडमास्तर बघायचे. त्यांना सगळे गुरुजी म्हणायचे. आमची मंडळी पूर्वी मेंढरं घेऊन फिरणारी. कुणाची मुलगी लग्नाची झाली ही बातमी कळपाबरोबर वाटेनं हिंडायची. मग शेती आली, नोकऱ्या आल्या, पोरं पुण्या-मुंबईला पांगली, तशी बातमी पांगायची वाट बुजली. म्हणून गुरुजींनी वही घातली. एका पानावर एक स्थळ. पण काही गोष्टी वहीत लिहायच्या नसतात. आधीचं मोडलेलं लग्न, एखादं दुखणं, घरातली एखादी अडचण. अशा वेळी माणूस गुरुजींना बाजूला घ्यायचा, कानात सांगायचा. गुरुजी ते कागदावर कधी आणत नसत. योग्य वेळी, योग्य माणसाला, आणि तेही सांगणाऱ्याला विचारूनच सांगायचे.

मी वेबसाइटची कल्पना सांगितली तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे वही एकच, पण घरोघरी उघडते?"

"तसंच म्हणा."

"मग कानातलं कुठं सांगायचं?"

म्हणून अर्जाच्या शेवटी मी एक रिकामी चौकट ठेवली. वर लिहिलं, 'फक्त मंडळासाठी'. अर्ज भरून बटण दाबलं की मजकूर अमेरिकेतल्या एका मशीनवर जायचा आणि तिथून मंडळाच्या पत्रपेटीत यायचा. ती मी उघडायचो आणि चौकटीतला मजकूर छापून पाकिटातून गुरुजींना द्यायचो. पहिल्या महिन्यात बारा-पंधरा अर्ज आले आणि गुरुजी हरखून गेले.

त्याच सुमारास एका कॉम्प्युटरच्या मासिकाबरोबर एक सीडी आली. तिच्यात पाच-पन्नास छोटे प्रोग्राम होते. त्यातला एक तारेवरून जाणारं सगळं पडद्यावर दाखवायचा. माझे चारही कॉम्प्युटर एका डबीला जोडलेले होते. ती डबी एका तारेतून आलेलं सगळ्या तारांना ऐकवायची आणि प्रत्येक मशीन आपल्यापुरतं ठेवून बाकीचं सोडून द्यायचं. या प्रोग्राममुळं माझं मशीन काहीच सोडेना.

मी तीन नंबरच्या मशीनवर जाऊन खोटा अर्ज भरला, परत आपल्या जागी आलो, तर पडद्यावर माझेच शब्द उभे. त्या वेळी वेबवर मराठी अक्षरं धड उमटत नसत, म्हणून सगळे इंग्रजी लिपीत मराठी लिहायचे. दोन शब्दांच्या मध्ये जिथं जागा असते तिथं अधिकचं चिन्ह पडलेलं. बाकी सगळं जसंच्या तसं. मी कानाला हात लावून बघितला. खरंच सांगतो, हेडफोन आहे की काय असं वाटलं.

मध्ये कोण असतं, याचं उत्तर मला मिळालं होतं. ज्याला हवं तो असतो. माझ्या गाळ्यात मी, पुण्यात आणखी कोणी, समुद्रापलीकडं आणखी कोणी. आणि इथं शेजारी बसून कानाकडं बघणारं कुणी नव्हतं. मी आणखी तीन अर्ज असे वाटेतच वाचले. पत्रपेटीत ते मला दिसणारच होते, तो माझा हक्कच होता, अशी मी समजूत घातली. पण तसं असतं, तर वाचताना मी दाराकडं बघितलं नसतं.

यावर उपाय काय, ते मी शोधायला लागलो. उपाय निघालेला होता. मजकूर निघतानाच त्याचा असा चुरा करायचा, की पोहोचायच्या जागी तो जुळेल आणि वाटेत कुणालाच कळणार नाही. पण माझ्यातला ऑपरेटर अडून बसला. सांकेतिक भाषा ठरवायची तर आधी दोघांनी बोलायला पाहिजे, आणि बोलणार त्याच तारेवरून. मग मध्ये बसलेला तेही ऐकणारच की! पंधरा दिवस हे माझ्या डोक्यात फिरत होतं. मोपेड चालवताना फिरायचं, जेवताना फिरायचं. घरी बायको म्हणाली, "भात कालवून किती वेळ झाला, बघताय काय त्याच्याकडं?"

शेवटी ते उलगडलं. मी तुमच्याकडं किल्ली पाठवायचीच नाही. उघडं कुलूप पाठवायचं. तुम्ही पेटीत वस्तू ठेवून ते दाबायचं. दाबायला किल्ली लागत नाही. उघडायला लागते, आणि ती माझ्याकडून कुठं गेलेलीच नाही. मध्ये बसलेल्यानं कुलूप बघितलं, पेटी बघितली, तरी त्याच्या हाती काही नाही. हे कळलं त्या दिवशी मी गाळ्यात एकटाच मोठ्यानं हसलो. मग दुसरी शंका आली. उघडं कुलूप माझंच कशावरून? मधल्यानं स्वतःचं पाठवलं तर? त्यासाठी परदेशातल्या कंपन्या कागदपत्रं तपासून दाखला द्यायच्या, की हे कुलूप अमक्या संस्थेचंच आहे. तो दाखला असला की पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात बंद कुलपाचं छोटं चित्र दिसायचं. मला ते चित्र आमच्या वेबसाइटवर हवं झालं.

समितीची बैठक माझ्याच गाळ्यात व्हायची. पाच-सहा जण. त्यात एक तात्या होते, ऊस बागायतदार, बोलायला मोकळे. मी सगळं समजावलं आणि माझा खोटा अर्ज पडद्यावर दाखवला.

तात्या म्हणाले, "आवं, हे तुमीच लिवलंय, तर तुमालाच दिसणार की! ह्यात नवल काय?"

"तात्या, तिकडच्या मशीनवर लिहिलं आणि इकडं दिसलं."

"व्हय, पण गाळा तुमचा, मशीन तुमचं. आमच्या घरात मला काय दिसत न्हाय व्हय?"

सगळे हसले. पैशाचा प्रश्न नव्हताच, तो मी सोडवणार होतो. त्यांना गरजच पटेना. गुरुजी म्हणाले, "पुढच्या शनिवारी पुन्हा बसू. तोवर तुम्ही काहीतरी खरं दाखवा."

'खरं दाखवा' हा शब्द मी धरून बसलो.

त्या शनिवारी दुपारी एक शिक्षिका आल्या. इंदापूर तालुक्यातल्या एका गावी प्राथमिक शाळेत होत्या. गाव सांगत नाही, कारण पुढं कळेल. शनिवारची सकाळची शाळा सुटली की एसटीनं आल्या होत्या. एक स्थळ आधीच गुरुजींमार्फत चाललं होतं, पण मुलगा पुण्यात नोकरीला, त्याला वेबसाइटवर अर्ज बघायचा होता. त्यांनी तीन नंबरच्या मशीनवर सगळा अर्ज भरला, आणि शेवटच्या चौकटीशी थांबल्या.

"काका, हे कोण कोण वाचणार?"

"मी फक्त छापून देणार. वाचणार गुरुजी."

"बाकी कुणी नाही ना?"

"बाकी कुणी नाही, ताई."

हे मी बोललो तेव्हा माझ्या मशीनवर तो प्रोग्राम चालू होता. संध्याकाळच्या बैठकीसाठी मी तो सकाळपासून चालू ठेवला होता.

त्या गेल्यावर मी पडद्याकडं बघितलं. चौकटीत लहानपणच्या एका आजाराबद्दल होतं. कुठला ते मी आजही लिहिणार नाही. बरा झालेला होता, कितीतरी वर्षं त्रास नव्हता, हेही लिहिलं होतं. आणि शेवटी दोन ओळी. ही गोष्ट मी त्यांना स्वतः सांगणार आहे. भेट झाली की सुपारी फुटायच्या आधी सांगीन, तोवर आपल्यापाशी ठेवावी.

मला ते पुसून टाकता आलं असतं. एक बटण होतं. मी विचार केला, यापेक्षा खरं काय दाखवणार? नाव झाकलं की झालं. मी वहीचा कागद फाडून दोन बोटं रुंदीची पट्टी कापली, डिंक लावला आणि पडद्याच्या काचेवर, जिथं नाव होतं तिथं, चिकटवली. गावाचं नाव आणि शाळा त्याच ओळीत होती, तीही झाकली. मागं सरून बघितलं. मला माझ्या हुशारीचं कौतुक वाटलं, हे कबूल करतो.

समिती जमली. मी म्हणालो, "आज दुपारी एका मुलीनं अर्ज भरला. नाव झाकलंय. पण कानात सांगायचं ते बघा कसं उघडं पडतं." सगळे पडद्याजवळ आले. गुरुजींनी चष्मा चढवला, दोन ओळी वाचल्या आणि लगेच मान फिरवली. म्हणाले, "पुरे. समजलं. बंद करा."

मी बंद करायला हात पुढं केला, तेवढ्यात तिकडं समितीतले एक जण तीन नंबरच्या मशीनपाशी टेकले आणि त्यांचा हात माऊसवर पडला. कुठंतरी क्लिक झालं. नवा मजकूर तारेवर आला, आणि माझ्या पडद्यावरच्या सगळ्या ओळी चार बोटं वर सरकल्या.

पट्टी काचेवर होती. ती जागची हलली नाही. नाव तिच्या खालून निघून वर आलं.

मी तळव्यानं पडदा झाकला. तोवर तात्यांनी वाचलं होतं. अधिकच्या चिन्हांसकट, सावकाश, मोठ्यानं वाचलं. मग गाव वाचलं. मग म्हणाले, "आवं गुरुजी, ही तर आमच्या भाच्याला सांगून आलेली!"

अशा समितीत बसलेला प्रत्येक माणूस कुणाचा तरी मामा असतो. मला हे माहीत असायला हवं होतं. मी त्याच गावांतले फोन जोडण्यात आयुष्य घालवलं होतं.

गुरुजी म्हणाले, "तात्या, ती स्वतः सांगणार आहे. तोपर्यंत तुम्ही काही वाचलं नाही."

"व्हय, व्हय," तात्या म्हणाले, "मी कशाला सांगतोय?" पण ते चहाला थांबले नाहीत.

कुलपाचा ठराव त्या बैठकीत एकमतानं पास झाला. कुणी एक शंका काढली नाही.

दहा दिवसांत ते स्थळ मोडलं. मुलाकडून निरोप आला, पत्रिका जुळत नाही. गुरुजी मला एवढंच म्हणाले, "भेटीचा दिवस ठरला होता हो." यापुढं ते या विषयावर माझ्याशी बोलले नाहीत. आम्ही दोघं कामाला लागलो.

दाखल्याचं काम सोपं नव्हतं. कंपनीला संस्थेचं नोंदणीपत्र पाहिजे होतं. आमचं मराठीत. त्याचं इंग्रजी करून, शिक्का मारून फॅक्स केलं. मग त्यांची माणसं संस्थेच्या फोनवर बोलून खात्री करणार होती. संस्थेचा फोन म्हणजे गुरुजींच्या घरचा, सणसरला. एका सकाळी सातला फोन आला तो गुरुजींच्या पत्नीनं, काकूंनी उचलला. पलीकडची बाई इंग्रजीत काहीतरी विचारत होती. काकू शांतपणे म्हणाल्या, "ते न्हाईत. उसाला पाणी द्यायला गेल्यात. निरोप हाय का?" आणि ठेवून दिला. अर्ज परत आला. दुसऱ्या वेळी गुरुजी तीन सकाळी फोनशेजारी खुर्ची टाकून बसले आणि इंग्रजीत स्वतःचं पूर्ण नाव सांगून खात्री पटवली. सांगताना उभे राहिले होते, असं काकू हसत सांगायच्या. एरवी मीही हसलो असतो.

दाखला आला. पुण्याच्या ज्या कंपनीकडून आम्ही अमेरिकेतली जागा घेतली होती, तिनं तो मशीनवर चढवला. मी अर्जाचं पान उघडलं, आणि खाली कोपऱ्यात बंद कुलूप दिसलं, पिवळं, गव्हाच्या दाण्याएवढं. आता तपासायचं होतं. मी माझ्या मशीनवर तोच प्रोग्राम सुरू केला, तीन नंबरवर जाऊन बसलो आणि अर्ज भरायला घेतला. नावाच्या जागी काहीबाही टाकलं. शेवटच्या चौकटीत काय टाकावं सुचेना. मग जे आलं ते लिहीत गेलो. चार-पाच ओळी झाल्या. बटण दाबलं.

माझ्या पडद्यावर नुसता चुरा. ठिपके, उलटीसुलटी अक्षरं, मध्येच एखादा आकडा. मी ओळ न् ओळ तपासली. एक शब्द सापडला नाही. मग पत्रपेटी उघडली, तर त्यात माझ्या ओळी जशाच्या तशा, अखंड. किती वेळ मी एकदा चुऱ्याकडं, एकदा त्या ओळींकडं बघत होतो. नवल वाटायचं काही थांबेना, आणि त्याची लाजही वाटत होती. त्या ओळी मी छापून काढल्या, घडी घातली आणि खिशात ठेवली. शाळेला सुट्टी लागली की त्या शिक्षिका येतील, तेव्हा हातात द्यायची असं ठरवलं.

त्या आल्या, वार्षिक परीक्षा संपल्यावर. बदलीचा अर्ज टाइप करून घ्यायला आल्या होत्या. टाइप होईस्तोवर बसल्या. मग सरळ विचारलं, "काका, पत्रिका हे निमित्त होतं. मुलाकडच्यांना माझ्या आजाराचं कसं कळलं हो? गुरुजी सांगणाऱ्यातले नाहीत."

घडी माझ्या शर्टाच्या खिशात होती. मी म्हणालो, "ताई, तेव्हा कुलूप नव्हतं ना. वाटेत कुणीही वाचू शकत होतं."

यातला शब्द न् शब्द खरा होता.

त्या म्हणाल्या, "वाईट याचं वाटलं, की मी सांगणारच होते. कसं सांगायचं ते ठरवलं होतं मी. त्यांनी हो-नाही काहीही म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण आता ते म्हणतात, लपवलं."

मी टाइप झालेला कागद छापून त्यांच्यापुढं ठेवला.

"आता लावलंत ना कुलूप?"

"लावलं."

"दाखवा."

मी पान उघडून ते चित्र दाखवलं. त्या वाकून बघत राहिल्या. म्हणाल्या, "एवढंसंच आहे की! पण बरं केलंत. दुसऱ्या कुणाचं तरी फुटायचं नाही." आणि माझे आभार मानून, टाइप केलेला कागद पिशवीत घालून गेल्या. पुढं त्यांची बदली झाली, कुठल्या तालुक्यात ते मी विचारलं नाही. विचारलं असतं तर जावं लागलं असतं.

गुरुजी गेले, तात्या गेले. गाळा मी केव्हाच विकला. तो कागद इंदापूरच्या जुन्या टेलिफोन डिरेक्टरीत ठेवलेला आहे. छपाई फिकट झालीय, पण वाचता येते. त्यावर इंग्रजी लिपीत आहे ते मराठीत असं:

ताई, तुमचं तारेवरून कुणी चोरलं नाही. मी चालू ठेवलं, मी वाचलं, आणि पाच माणसांपुढं मीच दाखवलं. पट्टी लावली होती, ती पुरली नाही. तुम्ही जे स्वतः सांगणार होता ते मी तुमच्या तोंडून काढून घेतलं. मला माफ करा.